आधी मले टोचा

महिन्याभरापूर्वी दादा गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा रडायच्या आधी मी विचारलं, "फोन कुणी केला? आवाज कुणाचा होता?" थोरल्या भावाची बहीण शोभले खरी! सक्करदऱ्याला त्याचं सायकलचं दुकान होतं. स्वतःच काढलेलं पंक्चर तो पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून बघायचा. दूधवाला, वाणी, पंचांग… कशावर म्हणून त्याचा विश्वास नव्हता. औषधांवर तर मुळीच नाही, कारण आमची आई पेनिसिलिनची सुई घेतल्यावर घटकाभरात, त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती.

पुढे माझ्या मूत्रपिंडात जंतू शिरले. ताप हटेना, गोळ्या लागू पडेनात. दवाखान्यात डॉक्टरांनी सेफालोस्पोरिनचं नाव काढलं. बाटलीत पांढरी भुकटी, त्यात पाणी घालून टोचायचं. या जंतूंवर ते चालेल, म्हणाले, पण पेनिसिलिनच्या नात्यातलं आहे, तेव्हा आधी हातावर थेंबभर टोचून बघू. नातं म्हटल्याबरोबर दादा स्थळाची चौकशी करावी तसा मागेच लागला. "जवळचं का लांबचं? याच्यानं कोणी मेलं काय? मंग काहून देता?" डॉक्टर म्हणाले, नाही दिलं तर तापच हिला नेईल. दादानं बाही वर केली. "मंग आधी मले टोचा. आमचं रक्त एकच आहे." रक्तावरून असं कळत नसतं, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, शेवटी वैतागून दोघांच्याही हातावर टोचलं. माझा हात साफ राहिला. सुया सुरू झाल्या, ताप उतरला. दादा मात्र त्या दिवसापासून दवाखान्यात फिरकलाच नाही. मला मरताना बघायला तो घाबरला, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि ते मला फार लागलं होतं.

परवा वहिनीला विचारलंच. ती म्हणाली, "अवं बाई, त्याईचा हात टरारून फुगला होता. तोंड सुजलं, डोये मिटत आले. तसं तोंड घेऊन तुह्यासमोर कसे येतीन? डाक्टर म्हणे, तुमाले हे चालत नाही, पण तिचा हात साफ आहे. देऊ का नको? हे म्हणे, माहं तिले सांगू नका, नाही तं ते सुई घेणार नाही. पुढंही मले सांगू नाही देल्लं."

"म्हणजे 'द्या' म्हणाला?"

"लगेच नाही. म्हणे, तिचा हात मले आणखी एकडाव पाहू द्या."

…तापाच्या त्या ग्लानीत कुणीतरी माझी बाही वर सारली होती, हात उजेडाकडे वळवून बराच वेळ धरून ठेवला होता. मला ती नर्स वाटली होती.