मामीचं वॉरंट

माझी सासू, तिला मी मामी म्हणायचो, आमच्याकडे आली की ओट्यावर टेकायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि उठायची. जेवायची नाही. बायको रडकुंडीला यायची. मामी म्हणायची, "लेकीच्या घरी पोटाला आली असं कुणी म्हणाया नको. मला ज्याच्या गळ्यात बांधली, त्यानंच माझं पोट भरायचं."

तो म्हणजे माझा सासरा. माणूस नालायक. मेला म्हणून त्याला चांगला म्हणणार नाही. पिंपरीला नवी कंपनी निघाली, तिथं चिकटला आणि तिथंच दुसरी बाई ठेवली; सुट्टीला तेवढा गावी भावाकडं यायचा. मामी आमच्याच चाकणला तिच्या भावाच्या पडवीत येऊन पडली. खेडच्या कोर्टानं पोटगी बांधून दिली, तीही यानं बुडवली.

तारखेला मामी चाकणहून खेडला चालत जायची. लोक तिला वॉरंटवाली म्हणत. "म्हणू द्या. मी काय चोरी केली न्हाई," म्हणायची. थकलेल्या पोटगीसाठी वर्षाच्या आत अर्ज टाकायचा, नाहीतर मागची बुडते, हे वकिलानं तिला एकदाच सांगितलं होतं. ती कधी चुकली नाही. जप्तीचं वॉरंट निघायचं, पोलीस सासऱ्याच्या गावी जायचे, आणि हा हात वर करायचा. "माझं काय न्हाई. घर भावाचं, बैल भावाचे." पोलीस रिकामे परत.

मी म्हणालो, "मामी, कोर्ट त्याला तुरुंगातही घालतं. घालू द्या की."

"पाव्हणं, तुरुंगात बसून त्यो मला भाकर धाडणार हाय व्हय? मला बैल पायजेत."

भादव्यात पोळा आला. त्या वर्षी वेशीतून पहिली जोडी काढायचा मान सासऱ्याच्या घराकडं होता. मानाच्या बैलांचा कासरा मालकानंच धरायचा, दुसऱ्यानं धरला तर गाव हसायचं. मामीनं नेमका तोच दिवस धरून हवालदाराला गाठलं.

"मावशी, सणाला कुणी जप्ती करतं का?"

"मग सणाला मला भूक लागत न्हाई का? चला!"

मी बरोबर होतो. वेशीत ढोल चाललेला. सासरा गुलाबी फेटा बांधून कासरा धरून पुढं, भाऊ मागं. हवालदारानं गोड आवाजात विचारलं, "जोडी झकास हाय राव. कुणाची?"

"कुणाची म्हंजे? माझी! माझ्या कमाईची!" सासरा अख्ख्या गावादेखत बोलला.

गर्दीतून मामी पुढं आली. "हवालदार, ऐकलंत न्हवं? लिवा."

ढोल थांबला. सासरा भावाकडं बघायला लागला. भाऊ म्हणाला, "आता मी काय बोलू? तूच वरडलास."

हवालदार कासरा घ्यायला गेला, तर मामीनंच त्याला अडवलं. "थांबा. पूजा हू द्या. जनावरानं काय केलंय?" तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही बैलांना पुरणपोळी चारली. तोवर सासरा घरोघर उसनवारी करत फिरला आणि सगळी बाकी आणून ठेवली. बैल वाचले. पुढं त्याची मनिऑर्डर कधी चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी मामी आमच्याकडे आली. ओट्यावर टेकली नाही. सरळ चुलीपाशी जाऊन बसली. "वाढ गं. आज पाव्हणी म्हणून आलीया."

यंदा बायको गेली. पोरगा वाकडला उंच बिल्डिंगीत राहतो. म्हणतो, "अण्णा, आता इकडंच राहा." मी जातो. सून वाढते ते पोटभर जेवतो. आणि दिवस बुडायच्या आत चाकणला येऊन माझा चहा मी ठेवतो. पोरगा चिडतो.

ती असती तर हसली असती. म्हणाली असती, "माझ्या आईवर गेलात."