व्हिडिओतलं पाणी

वर्गात शिरताच वानखडे सर डाव्या हाताची मूठ आवळून वर धरत. मुठीत कधी पेपरमिंटची गोळी असे, कधी नसे. ज्याचं नाव पुकारलं त्याने पुढे जाऊन मूठ उघडायची. असली तर गोळी त्याची. थोड्याच दिवसांत आमची अशी गत झाली की गणिताच्या तासालाही नजर दारावर. मग एकदा त्यांनी फळ्यावर मेंदू काढला, तो आम्हाला फुलकोबीसारखा दिसला म्हणून आम्ही हसलो, आणि त्यात खोलवर खडूचा एक ठिपका देऊन ते म्हणाले, "पोट्टेहो, गोळी गोड हाये म्हणून तुमी पागल नाही झाले. भेटन का नाही भेटन हे मालूम नाही, म्हणून झाले. हा ठिपका भेटल्यावर कमी नाचते, वाट पाहून लय नाचते."

मोर्शीजवळच्या आमच्या गावात विज्ञान असं शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. गावात मोबाइल आले तेव्हा हेच व्याख्यान ते पालकसभेत देऊ लागले. "मोबाइल म्हंजे माही मूठच हाये," ते सांगत. "उघडत बसान, उघडत बसान, अन् ध्यानाचे तुकडे होतीन. तुकड्यानं कोणतंच काम होत नाही बाप्पा." आया पदर तोंडाला लावून हसत आणि घरी जाऊन पोरांच्या हातातले मोबाइल हिसकावत.

सरांचं स्वतःचं ध्यान पाहावं तर बागेत. आमच्याकडे आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतात. म्हणजे हिवाळ्यात पाणी तोडायचं, झाड जरा सुकू द्यायचं आणि नेमक्या वेळी पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरतं. लवकर सोडलं तर नुसती पालवी, उशीर झाला तर झाडच जातं. सर एकेका झाडापाशी उभे राहून पान बोटांत दुमडून पाहत. त्या वेळी हाक मारलेली त्यांना चालत नसे. वडील गेले, नोकरीमुळे मी आईला घेऊन अकोल्याला आलो, तेव्हा आमची संत्र्याची बाग विकायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. सरच आडवे आले. "इकू नको. तुह्या बापाची बाग म्हंजे माही बाग. तू तिकडं निवांत ऱ्हाय." त्या शब्दावर मी निवांत राहिलो.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या हाती मोठा मोबाइल आला. दिवस शेतीचे वाईट होते. बोंडअळीने कपाशी खाल्लेली, पावसाचा भरवसा नाही, लोक सल्ल्यासाठी मिळेल तिथे कान लावत होते. सरांनी ताणावर एक व्हिडिओ टाकला आणि तो पार अकोल्यापलीकडे तेल्हाऱ्यापर्यंत गेला. लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण पुढे गावी गेलो की सर बोलता बोलता खाली पाहत. अंगठा सरकत राही. माझ्या नोकरीची चौकशी एका बैठकीत दोनदा करत आणि उत्तर एकदाही ऐकत नसत. सरांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "कालच्या व्हिडिओले लोकायनं अंगठे नाही देल्ले, तं जेवले नाहीत."

त्या हिवाळ्यात मी फोनवर विचारलं, "सर, पाणी सोडलं का?"

"कवाचंच देल्लं! मोटार चालूच हाये. थांब, दाखवतो तुले."

व्हिडिओ आला. आळ्यांमधून पाणी झुळझुळत होतं. मी आईला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला, पुन्हा पाहिला. "हे बांधावरचं बाभूळ कसं दिसून राह्यलं रे? ते तं आपण औंदाच पोळ्याच्या टायमाले तोडलं."

पाणी मागच्या वर्षीचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बागेत पोचलो. जमीन भेगाळलेली, पानं गुंडाळून गळालेली, काही फांद्या हात लावताच कडकन मोडत होत्या. नाल्याअलीकडची सरांची बाग मात्र हिरवी होती; काकूंनी मोटार लावून ती जगवली होती. आमच्या बागेची जबाबदारी सरांनी एकट्याने घेतली होती.

सर घरी खाटेवर मोबाइल घेऊन बसले होते. मी ओरडलोच. "काहून खोटं बोलले सर? नसतं जमत तं सांगाचं होतं, मी आलो असतो!"

"आजच सोडन, संध्याकाळी सोडन, असंच होऊन राह्यलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मले सगळं समजते रे. मेंदूत काय चालू हाये ते चित्र काढून दाखवतो तुले. पण हात थांबत नाही." आणि ते बोलत असतानाच मोबाइल वाजला, आणि त्यांनी खाली पाहिलं.

त्या क्षणी मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला फसवणारा माणूस अडाणी असता तर मी विसरलोही असतो. पण ज्याने मला ती मूठ ओळखायला शिकवली त्यानेच मला जुनं पाणी दाखवलं, हे अजून गिळवत नाही. झाडं अर्धीअधिक गेली. वडिलांनी ती कलमं लावली तेव्हा मी चिखलात त्यांच्यासोबत होतो.

आठवड्याने आईच्या मोबाइलवर सरांचा नवा व्हिडिओ आला. वाळल्या झाडांमधून फिरत सर समजावत होते: ताण जास्त झाला तर असं होतं. बाग आमची होती. आवाज तोच, वर्गातला. "मालक शहरात राह्यते," ते सांगत होते, "बागेकडं ध्यान नाही. मंडळी, तुमी असं नका करू."

आईने तो शेवटपर्यंत पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, गुरुजी, अशा माणसाने बाग ठेवावीच कशाला? सरांनी त्याला अंगठा दिला होता.