गायतोंडे आणि त्यांचे स्पेनमधले भाऊबंद

अंबरनाथच्या उन्मेष गायतोंडेंचा स्वतःच्या आडनावावर लहानपणापासून राग. शाळेत हजेरी सुरू झाली की मागच्या बाकावरून हंबरणं ऐकू यायचं. पुढे एमआयडीसीतल्या कंपनीत ते क्वालिटी ऑफिसर झाले, तरी फोनवर फक्त 'उन्मेष बोलतोय' म्हणून उरकायचे.

गेल्या वर्षी कंपनीत नवं पॅकिंग मशीन आलं. ते बसवायला स्पेनहून एक ताडमाड इंजिनीअर आला. गेटपासवर नाव होतं मार्तिन काबेसा दे वाका.

"एवढं लांबलचक आडनाव? अर्थ काय त्याचा?" उन्मेषनी विचारलं.

मार्तिन जरा लाजला. "गायीचं डोकं."

उन्मेष खुर्चीतून उठलेच. "शाळेत हंबरायचे का हो तुम्हाला?"

"मेहुणा अजून हंबरतो."

उन्मेषनी सिक्युरिटीवाल्यादेखत त्याला मिठी मारली.

जेवणाच्या सुट्टीत मार्तिननं घराण्याची कथा सांगितली. आठशे वर्षांपूर्वी एका राजाचं सैन्य डोंगरात अडकलं होतं. शत्रूनं खिंड रोखलेली. तेव्हा एका मेंढपाळानं आडवाट दाखवली, आणि ती चुकू नये म्हणून तिच्या तोंडाशी गायीची कवटी ठेवली. सैन्य पलीकडे उतरलं, लढाई जिंकलं, आणि राजानं खूश होऊन मेंढपाळाला हे आडनाव दिलं.

"इतिहासकार म्हणतात, थाप आहे," मार्तिन म्हणाला. "पण आमची आजी शपथेवर सांगायची."

संध्याकाळी उन्मेष त्याला घरीच घेऊन आले. माईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, पाहुण्याला खालून वर न्याहाळलं. "गोत्र कुठलं म्हणे?"

"माई, तो ख्रिश्चन आहे."

"असेना. आडनाव आपलं आहे ना!"

"आपल्याला कोणत्या राजानं दिलं गं?" उन्मेषनी आशेनं विचारलं.

"राजा कसला? तुझे खापरपणजोबा दिवसभर पान चघळत बसायचे. गावानं ठेवलं नाव."

उन्मेषनी मार्तिनला इंग्रजीत सांगितलं, "आमचीही कथा बरीचशी तशीच आहे."

रविवारी दोघं चामटोलीला निघाले. कंपनीतल्या हरिचंद्रनं शेतावर जेवायला बोलावलं होतं. मोबाइलच्या नकाशानं त्यांना एका बांधावर नेऊन सोडलं. समोरून एक तांबडी गाय चालली होती.

"हिच्यामागे जाऊ," मार्तिन छाती काढून म्हणाला. "रक्तातच आहे आपल्या."

गाय ऐटीत पुढे, हे दोघे मागे. गाय थेट एका भेंडीच्या मळ्यात शिरली आणि खायला लागली. झोपडीतून मालकीण सगुणाबाई काठी घेऊन धावल्या.

"कोन रं तुमी? नाव काय?"

"गायतोंडे."

"नि ह्यो गोरा?"

"हेही... गायतोंडेच."

"दोन दोन गायतोंडे, नि एक गाय हाकलाय येत नाय!"

मार्तिनला अर्थ कळल्यावर तो बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. उन्मेषही हसले. आडनावावरून ते आयुष्यात पहिल्यांदाच हसत होते. गाय सगुणाबाईंनीच हाकलली, आणि हरिचंद्रच्या शेतापर्यंतही त्यांनीच पोचवलं.

मायदेशी गेल्यावर मार्तिननं घराण्याच्या ढालीचं चित्र पाठवलं. कडेनं गायींची सहा डोकी. उन्मेषनी ते पितळेवर कोरून घेतलं, खाली ठसठशीत 'गायतोंडे' लिहवून घेतलं आणि दारावर ठोकलं.

दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरचे एक सिंधी काका बेल वाजवून उभे. "भाऊ, शुद्ध घी मिळेल काय इथे?"

उन्मेष नाही म्हणणार, तेवढ्यात माई आतून ओरडल्या, "किती हवंय ते विचार आधी!"