फोटोमामांचा ॲल्युमिनियमचा तुकडा

आमचे फोटोमामा डॉक्टरांना खिजगणतीत धरत नसत. परभणीत, जनावरांच्या एका संशोधनशाळेत ते एक्स-रे काढायचे. मी तिथं पीएचडी करत होते, म्हणजे त्यांच्या लेखी बिनकामाची. "मॅडम, डिग्री लय मोठी हाय तुमची, पण बकरीचा पाय धरता येईना तुमाला," हे त्यांचं रोजचं स्वागत.

आमचे सर बकरीच्या पायाच्या हाडात खाच पाडून ती प्रयोगशाळेत घडवलेल्या हाडानं भरत. आत हाड धरतंय का, हे पाहायला ठरावीक दिवसांनी एकेक बकरी कापत. मामा भडकायचे. "भाकर शिजली का बघायला मोडता काय तिला? कापून बघायला अक्कल कशाला लागती?" कापण्याऐवजी दर पंधरवड्याला फोटो काढायचा हट्ट त्यांचाच. सरांनी तो स्वतःचा शोध म्हणून गावभर मिरवला.

मामांचं एक खूळ होतं. फोटोत पायाशेजारी पायऱ्या पाडलेला ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवायचा. नवं यंत्र आपल्या मनानं फोटो उजळ-काळा करायचं. तुकडा दर खेपेला सारखा दिसला, तरच हाडाचा रंग खरा. "यंत्र थापाडं हाय," म्हणायचे. मी मनातल्या मनात हसायचे. आता त्याच खुळापायी माझ्या विद्यार्थिनी मला हसतात.

मामा भाचीच्या लग्नाला चुडाव्याला गेले, तेव्हा चंपीचा फोटो मी काढला. चंपी त्यांची लाडकी, बोरीच्या बाजारातून त्यांनीच निवडून आणलेली. तुकडा ठेवायचा राहिला. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय! फोटोत भरलेली खाच काळी, म्हणजे पोकळच दिसली. "फसलं सगळं," सर म्हणाले, "कापा, आजच बघू." पाच मिनिटांत दुसरा फोटो निघाला असता. पण त्यासाठी चूक कबूल करावी लागली असती, आणि सरांपुढं माझी दातखीळ बसली.

चंपीचं हाड ठणठणीत भरलं होतं. प्रयोग यशस्वी झाला म्हणून सरांनी पेढे वाटले. आग लागो त्या पेढ्यांना! मीही एक खाल्ला.

सोमवारी मामा आले. रिकाम्या दाव्यापाशी उभे राहिले, मग फोटो पाहिला. मला वाटलं, आता सोलून काढतील. "भरलं हुतं नं?" एवढंच विचारलं. मी मान डोलावली. पुढं रिटायर होईपर्यंत त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. मी त्या टोमण्यांसाठी तरसले.

शेवटच्या दिवशी त्यांनी तो तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. "ठेवा, मॅडम. चंपीचा हाय."