यान परतलं नाही

त्या मालिकेचा शेवटचा भाग मी पाहिलाच नाही. ऐन वेळी टँकर आला.

लातूर जिल्हा झाला तशी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, इथल्या कलेक्टर कचेरीत बदली झाली. "आता जिल्ह्याचं गाव हाय, पाण्याची ददात न्हाई," असं ते उस्मानाबादहून निघताना म्हणाले होते. पाट्या नव्या लागल्या, साहेब नवे आले; नळ मात्र जुन्या सवयीनं कोरडेच राहिले. पुढे दुष्काळ असा पडला की टँकरवाला हाच आमचा देव झाला, आणि देवासारखाच तो कधी येईल ते कुणाला ठाऊक नसे.

टीव्ही घरमालकांकडे होता. मालकीणबाईंची शिवपूजा आटोपल्याशिवाय तो लागत नसे, आणि रविवारी सकाळी पूजा नेमकी लांबायची. मालिका जुनी, परदेशी, इंग्रजीतली. अंतराळात वाट चुकलेलं एक यान आणि घरी परतायला धडपडणारी त्यातली माणसं. मला अर्धंही कळत नसे. माझी थोरली बहीण, आक्का, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. ती कानाशी लागून सांगायची. तिलाही कळलं नाही तिथं खुशाल पदरचं घालायची. मला तेच जास्त आवडायचं.

आक्काला आणखी एक खोड होती. गावाकडे आई देवळात कौल लावायची. देवाच्या अंगावर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. आक्का त्याला हसायची आणि स्वतः मात्र कशावरही कौल लावायची. पुढची एसटी निलंग्याची आली तर पास, औशाची आली तर नापास. औशाची आली तरी पास व्हायची, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या वर्षाचा निकाल लागायच्या आत तिचं लग्न उरकलं. धर्माबादचं मिरचीच्या व्यापारातलं घर, स्थळ चालून आलेलं. नांदेडला गाडी बदलून जावं लागे, म्हणून आमच्याकडून कुणी फारसं गेलंही नाही. मालिका तेव्हा अर्ध्यात होती. काही महिन्यांनी मला तिचं कार्ड आलं. "रविवारी शेवटचा भाग आहे असं ऐकलं. नीट बघ. यान घरी परतलं का, तेवढंच कळव. विसरू नको." सासरी पत्रं आधी सासऱ्यांच्या हातात पडत आणि ते मोठ्यानं वाचत, म्हणून ती कधीच दोन-चार ओळींच्या पुढं जात नसे.

त्या रविवारी यानाचं इंजिन पेटलं आणि गल्लीत हॉर्न वाजला. घागरी आदल्या दिवसापासून रांगेत होत्या, पण घागरीमागं माणूस उभं नसेल तर ती लाथेनं बाजूला व्हायची, असा आमच्या गल्लीचा कायदा. सगळेच पळाले. चार घागरी भरून मी ओल्या परकरानं परत आले तेव्हा पडद्यावर बातम्या चालल्या होत्या.

मला कुणाला तरी विचारता आलं असतं. पण मी नववीत होते, निबंधात माझा नंबर कधी चुकला नव्हता, आणि सुखाचा शेवट मला बाळबोध वाटायचा. मी लिहून टाकलं: खिडकीतून पृथ्वी दिसते. कप्तान खूप वेळ बघत राहतो. मग म्हणतो, तिथं आता आपली वाट बघणारं कुणी उरलेलं नाही. आणि यान माघारी वळवतो. लिहिताना माझे मलाच हुंदके आले. कार्ड पेटीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एकीनं सांगितलं की यान परतलं. सगळे सुखरूप उतरले. दुसरं कार्ड लिहावं असं मनात आलं होतं, पण मग आक्काच्या सासऱ्यांसमोर मी थापाडी ठरले असते. जाऊ दे, मालिकाच तर आहे, असं मी म्हटलं. या वाक्याचा मला आजही संताप येतो.

पहिल्या दिवाळीला आक्का आली नाही. पुढं यायची ती नवऱ्याबरोबर, एका रात्रीपुरती.

आई गेली तेव्हा मात्र ती दहा दिवस राहिली. एका दुपारी आम्ही दोघीच तांदूळ निवडत बसलो होतो. तिला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. कशानं, ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती, आणि हिंमतही नव्हती.

"त्या यानावर मी कौल लावला होता," ती एकदम हसत म्हणाली. "परतलं तर आपणबी माघारी जायचं, अण्णांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पेटी भरून ठिवली होती. मामंजींनी तुझं कार्ड वाचून दाखवलं. मग काय, एक-एक लुगडं काढून परत फळीवर ठिवलं."

माझ्या हातातलं सूप कलंडलं. ती सांडलेले दाणे गोळा करायला लागली.

"पण न्हाईच आलं ना गं ते?" तिनं खाली बघूनच विचारलं. "कधी कधी मनात येतं, तू नीट बघितलंस का न्हाई."

मला खरं सांगायचं होतं. पण ते ऐकून तिनं करायचं काय होतं? एवढी वर्षं तिनं निदान देवाच्या भरवशावर काढली होती. ती वर्षं माझ्या निबंधापायी गेली, हे तिच्या हातात ठेवून मी फक्त मोकळी झाले असते.

"न्हाई आलं, आक्का," मी म्हणाले.

तिनं मान वर केली, वळून उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाली, "काय? जरा मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं बोलले.