टाचणीचा झोपाळा

लेकीच्या लग्नात रुखवतावर मांडायला मी वीतभर लाकडी झोपाळा करत होते. खांबाच्या टोकाला बारीक भोक पाडलं, डोकं छाटलेली टाचणी त्यात अर्धी रोवली आणि उरलेल्या अर्ध्या टाचणीवर गोंद लावून आडवा दांडा बसवला.

जाऊबाई म्हणाल्या, "नुसता गोंद पुरला असता. एका दिवसापुरतं तर मांडायचंय, कोण हलवून बघतंय?"

मी दुसरी टाचणी उचलली. दिसायला सुबक आणि हात लावला की निखळणारं, असंच घडवून आम्हा दोघींनाही सासरी पाठवलं होतं. ही पोर तशी जाणार नाही.

गोंद वाळल्यावर लेकीने झोपाळा उचलून गदागदा हलवला. पाट झुलला, खांब जागचे हलले नाहीत.

"मांड आता," मी म्हटलं. "ज्यांना हलवून बघायचंय, त्यांना खुशाल बघू दे."