बिकानेरहून आलेली मेल

आमच्या घरात कुणी ताईत बांधत नाही, आणि मांजर आडवं गेलंच तर आम्ही थांबून मांजराला वाट देतो. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई. मेल पोचली नाही तर कुठेतरी सेटिंग चुकलंय, एवढीच माझी श्रद्धा. म्हणून पुढचा प्रकार मी इतकी वर्षं फक्त नवऱ्याला आणि बहिणीला सांगितला होता. आज इथे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही... मला एका बाईंबद्दल सांगायचंय.

२००७च्या आसपासची गोष्ट. नवरा विमा कंपनीत. त्याच्या बदलीमुळे आम्ही नाशिकहून जयपूरला आलो होतो आणि बनी पार्कमध्ये भाड्याने राहत होतो. मी घरबसल्या लोकांच्या वेबसाइट्स करायचे. दोन गल्ल्या सोडून डॉ. नलिनी सबनीस राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, रक्तपेढीत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला होता — दुर्मिळ रक्तगटाच्या माणसांची गाठ घालून द्यायची. राजस्थानात कुठेही अडलं की लोक त्यांच्या साइटवरच्या पत्त्यावर मेल टाकायचे आणि ताई फोन फिरवायला बसायच्या. कोण कुठे राहतं, कुणाचा गट काय, शेवटचं रक्त कधी दिलं... सगळं तोंडपाठ. फोन नंबर मात्र त्यांनी साइटवर ठेवला नव्हता. रक्ताचे दलाल फार सतावायचे.

अडचण होती ती मेलची. जुन्या होस्टिंगवाल्यांचा सर्व्हर कधी बंद, कधी मेलबॉक्स भरलेला. एकदा कोट्याहून आलेली एक मेल अशीच परत गेली. ताईंना ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, पेशंट गेला होता. त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मनीषा, या मेलचं बिऱ्हाड हलव बाई."

मी कामाला लागले. नव्या होस्टिंगवर मेलबॉक्स तयार केला आणि डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड बदललं. म्हणजे 'या पत्त्याचं टपाल आता या सर्व्हरवर टाका' अशी एक पाटी असते, ती बदलली. ती पाटी सगळीकडे पोचायला वेळ लागतो. तोवर काही मेल जुन्या घरी जातात, काही नव्या, काही मधेच थांबून परत परत प्रयत्न करतात. ताईंना हे समजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कॉम्प्युटरवर नवं अकाउंट जोडायला गेले. जानेवारीची थंडी, ताई शाल गुंडाळून शेजारी बसलेल्या. इनबॉक्समध्ये माझी एकच टेस्ट मेल होती. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आत रेंज मिळेना म्हणून मी बाल्कनीत गेले. परत आले तर ताई चष्मा लावून स्क्रीनला अगदी चिकटल्या होत्या.

"मनीषा, बिकानेरहून आलीय बघ. सरोज नावाची मुलगी, पहिलटकरीण. बॉम्बे ग्रुप! रक्त मिळत नाहीये. नवऱ्यानं लिहिलंय, महेंद्र म्हणून."

मी वाकून बघितलं. इनबॉक्समध्ये माझी टेस्ट मेल. बस्स.

"ताई, कुठेय?"

"अगं, आत्ता तर वाचली... इथेच होती."

मी रिफ्रेश केलं. डिलीट केलेल्या मेल बघितल्या. जुन्या सर्व्हरवर जाऊन बघितलं. काही नाही. मला वाटलं, ताई कुठली तरी जुनी मेल आठवतायत. वय झालंय. तसं बोलले नाही, पण त्यांना कळलं असावं. त्यांनी मेलमध्ये वाचलेल्या बिकानेरच्या हॉस्पिटलला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. पलीकडची बाई स्वच्छ म्हणाली, सरोज नावाचं कुणी लेबर रूमला नाही, वॉर्डात नाही, आणि बॉम्बे ग्रुपची मागणीही नाही.

"झालं ना ताई?" मी म्हटलं. "काहीतरी गोंधळ झालाय. मेल असेल तर येईलच, थोडं थांबू."

ताईंनी रिसीव्हर ठेवला नव्हताच. त्या पुढचा नंबर फिरवत होत्या. "मेल खोटी निघाली तर हरीशजी फुकट बिकानेर बघून येतील. आणि खरी निघाली तर, मनीषा?"

हरीशजी म्हणजे चारदीवारीतले, जुन्या जयपूरमधले, रजयांचे दुकानदार. बॉम्बे ग्रुपचे; हा रक्तगट दहा हजारांत एखाद्याचाच, आणि अशा माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. थंडीचे दिवस, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असणार. ताईंनी त्यांच्यापासून काहीही लपवलं नाही. सांगितलं की मेल आता दिसत नाही, हॉस्पिटल नाही म्हणतंय, "फिर भी मुझे लगता है आप निकल जाइए."

फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू आला. "ताईजी, दुकान भाई देख लेगा. बिटिया का नाम क्या बताया आपने?"

आणि तो भला माणूस बिकानेरच्या बसमध्ये बसला!

मी घरी आले ती चिडूनच. एका म्हाताऱ्या बाईंच्या भासापायी धंद्याच्या दिवसांत कुणाला एवढ्या लांब पाठवायचं... नवऱ्याशी जेवताना तेच बोलले. संध्याकाळी राहवेना म्हणून पुन्हा ताईंकडे गेले. त्या फोनशेजारी बसून होत्या. चहा केला, तो तसाच निवला. मग फोन वाजला.

"मिल गए ताईजी," हरीशजी सांगत होते. "सरोज है, महेंद्र है, सब वैसा ही है. मेरा सैंपल ले लिया है."

ताईंनी डोळे मिटले. नमस्कार वगैरे काही नाही, नुसते मिटले. मग मला म्हणाल्या, "पिठलं टाकतेस? सकाळपासून पोटात काही नाही."

सरोजचं ऑपरेशन झालं. ती वाचली, मुलगी झाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी म्हटलं असतं की मेल आली होती आणि माझ्याच हातून कुठे तरी उडाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेल *आली*. नव्या मेलबॉक्समध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. सरोज, पहिलटकरीण, बॉम्बे ग्रुप, खाली महेंद्रचं नाव. ताईंनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर. मी तिचे हेडर उघडले. मेल कुठून निघाली, वाटेत कुठे अडली, सगळं त्यात असतं. मेल वाटेत खोळंबली होती, तेवढं मला समजलं. पण ती निघाली होती आदल्या दिवशी दुपार टळल्यावर. तेव्हा हरीशजी बिकानेरच्या रस्त्यावर होते.

घड्याळ चुकलं असेल, असं म्हणून मी दोन्ही सर्व्हरचे लॉग मागवून घेतले. त्या सकाळी माझ्या टेस्ट मेलखेरीज काहीही आलं नव्हतं.

उन्हाळ्यात महेंद्र आणि सरोज बाळाला घेऊन ताईंना भेटायला आले. हरीशजींनाही बोलावलं होतं. त्यांनी बाळासाठी हातभर रजई शिवून आणली होती — भर उन्हाळ्यात! मी महेंद्रला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, त्या सकाळी आम्ही गावाहून जीपने बिकानेरला येत होतो. सरोजचा रक्तगट काय, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाच ताईंचा पत्ताही मिळाला. मग सायबर कॅफे शोधून मेल केली. परत आलो, थोड्या वेळाने एक अनोळखी गृहस्थ वॉर्डाबाहेर माझं नाव विचारत उभे!

त्याने ताईंना विचारलंच, "ताईजी, आपको पता कैसे चला?"

"तुमने लिखा, मैंने पढ़ा," ताई म्हणाल्या आणि बाळ मांडीवर घेतलं.

ती मंडळी गेल्यावर मी त्यांना हेडरचं सांगितलं. इतके दिवस बोलले नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांनाही ते उमगलं नाही, आणि उमगल्याचा आवही त्यांनी आणला नाही. मी विचारलं, "हॉस्पिटलने नाही म्हटल्यावरही फोन लावलात. भीती नाही वाटली?"

"वाटली ना. दिवसभर वाटत होतं, मला भ्रम व्हायला लागलाय. हरीशजींचा फोन येईपर्यंत वाटत होतं."

त्यानंतर मी कितीतरी डोमेनच्या मेल इकडून तिकडे हलवल्या. मेल हरवतात, उशिरा येतात, दोनदा येतात... या सगळ्याची कारणं मी देऊ शकते. लिहिण्याआधी आलेल्या मेलचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. आणि खरं सांगू? मी ते हल्ली शोधतही नाही. मला आठवतो तो रिकामा इनबॉक्स, आणि त्याच्यासमोर बसून दुसरा नंबर फिरवणाऱ्या ताई.